गोल्फ क्लबचा कारभार : निर्णय घेणे आणि कळवणे

प्रश्न थोडक्यात असा : महाराष्ट्रातील एका अठरा होलच्या, सदस्यांच्या मालकीच्या क्लबचे आपण नुकतेच मानद सचिव झाला आहात. क्लब ई-मेल पाठवतो, फलकावर सूचना लावतो, व्हॉट्सॲपवर गट आहेत, दरमहा वार्तापत्रही निघते. तरीही मे महिन्यात ग्रीन्सच्या (होलच्या भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) कामासाठी नऊ होल बंद झाली तेव्हा ‘आम्हाला कोणी सांगितलेच नाही’ अशी ओरड झाली आणि सर्वसाधारण सभेतही तोच सूर लागला. सदस्यांना माहिती देण्याची पद्धत कशी बसवावी आणि त्यासाठी ॲप घ्यावे का, असे आपण विचारले आहे.

आपल्या प्रश्नात माध्यमांची यादी आहे. पण नऊ होल बंद करण्याचा निर्णय कोणत्या बैठकीत झाला, तो सदस्यांना कळवण्याचे काम कोणाकडे दिले होते आणि त्याने ते कोणत्या तारखेपर्यंत करायचे होते, याचा उल्लेख नाही. क्लबांच्या कारभारात बरीच वर्षे घालवल्यावर माझे असे मत झाले आहे की, ‘सांगितलेच नाही’ ही तक्रार सहसा माध्यम अपुरे असल्यामुळे होत नाही. निर्णय एका समितीने घ्यायचा, अंमलबजावणी सुपरिंटेंडंटने (मैदानाची देखभाल पाहणाऱ्या ग्रीनकीपरने) करायची आणि कळवायचे काम ‘ऑफिस बघेल’ म्हणून सोडून द्यायचे, या पद्धतीतून ती उगवते. तेव्हा माहिती देणे हे कारभार आटोपल्यावर करायचे काम नसून निर्णयाचाच शेवटचा भाग आहे, असे धरून पुढचे सगळे लिहितो.

आधी एक फरक ध्यानात घ्यावा. सिडकोने खारघरला उभारलेल्या मैदानासारख्या ठिकाणी माणूस ग्रीन फी भरून खेळतो. मैदान आवडले नाही तर पुढच्या रविवारी दुसरीकडे जातो. सदस्यांच्या क्लबात खेळणारा माणूस मालकही असतो. सकाळी साडेपाचला तो खेळाडू असतो आणि त्याला सातव्या होलचे ग्रीन चालू आहे की नाही एवढेच हवे असते. सप्टेंबरमध्ये तोच माणूस मालक म्हणून सभेला येतो आणि प्रवेश शुल्काचे पैसे कशात गेले ते विचारतो. या दोन भूमिकांना लागणारी माहिती वेगळी, ती देणारा माणूस वेगळा आणि ती देण्याची वेळही वेगळी. बहुतेक क्लब दोन्ही प्रकारची माहिती एकाच वार्तापत्रात कोंबतात, त्यामुळे खेळाडूला ती फार उशिरा मिळते आणि मालकाला फार तोकडी.

पहिली सुधारणा इतिवृत्तात करावी. कार्यकारिणीच्या प्रत्येक ठरावाखाली एक ओळ सक्तीची ठेवावी : हा निर्णय कोणाला कळवायचा, कोणी कळवायचा, कोणत्या तारखेपर्यंत. ‘कोणालाही कळवण्याची गरज नाही’ असे उत्तर असेल तर तेही लिहावे. ही ओळ भरल्याशिवाय ठराव मंजूर झाला असे अध्यक्षांनी मानू नये. वाचायला हे किरकोळ वाटेल; परंतु बैठकीत ही ओळ भरायला घेतली की निम्म्या वेळा असे उघडकीस येते की निर्णयच अर्धवट झाला आहे. होल बंद करायचे ठरले, पण त्या काळातील पाहुण्यांच्या आगाऊ नोंदणीचे काय, मासिक मेडल स्पर्धा (एकूण फटके मोजून खेळायची) होणार की नाही, उरलेल्या नऊ होलांवर दोन फेऱ्या खेळू द्यायच्या का आणि कॅडींच्या (खेळाडूची बॅग वाहणाऱ्यांच्या) रोजीचे काय, याचा विचार कोणीच केलेला नसतो. कळवायला बसल्यावर जे प्रश्न पडतात ते ठरवतानाच पडावेत, हा या ओळीचा खरा उपयोग आहे.

आता ज्या कामावरून आपल्याकडे वादंग झाला ते काम पाहू, कारण क्लबातील निम्मी भांडणे ग्रीन्सवरच होतात. ग्रीनवर रोज शेकडो पावले पडतात, रोज कापणीचे यंत्र फिरते, त्यामुळे माती दबते. गवताखाली वाळलेल्या मुळा-काड्यांचा थर साचतो आणि पाणी व हवा मुळांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून वर्षातून एकदा तरी पोकळ दात्यांच्या यंत्राने ग्रीनला भोके पाडून मातीच्या कांड्या बाहेर काढतात आणि त्या भोकांत चाळलेली वाळू भरतात. आपल्याकडच्या ग्रीन्सवर बहुधा बर्म्युडा जातीचे गवत असते. ते उष्ण हवेत जोमाने वाढते, म्हणून उन्हाळ्यात पुरेसे पाणी व खत मिळाले तर दोन-तीन आठवड्यांत ग्रीन पूर्ववत होते. हेच काम जुलैत केले तर ढगाळ हवेत गवत सावकाश भरते, उघड्या जखमांवर बुरशी बसते आणि पहिल्याच जोरदार सरीत वाळू वाहून जाते. डिसेंबर-जानेवारीत केले तर थंडीमुळे गवत हलतच नाही. ग्रीनकीपर मे महिना धरतो त्याचे कारण हे आहे. आणि नेमक्या त्याच महिन्यात मुले सुट्टीवर, परदेशातील नातेवाईक घरी आणि सकाळी उजाडते लवकर, म्हणून सदस्यांना सर्वाधिक खेळायचे असते. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात.

अशा वेळी ‘देखभालीच्या कामासाठी होल क्रमांक १ ते ९ दिनांक अमुकपासून पुढील सूचनेपर्यंत बंद राहतील, सदस्यांच्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ ही ठरावीक सूचना निरुपयोगी आहे. तिच्यात कारण नाही, शेवटची तारीख नाही आणि पर्याय नाही. ‘पुढील सूचनेपर्यंत’ हे शब्द तर क्लबच्या कार्यालयातून हद्दपारच करावेत. मी त्याऐवजी साधारण असे लिहीन :

‘आपल्या ग्रीन्सखालील माती दबली असून पाणी मुरण्यास वेळ लागत आहे. पावसाळ्यात ग्रीन्स टिकावीत यासाठी सोमवार ११ मेपासून पहिल्या नऊ ग्रीन्सना भोके पाडून वाळू भरण्यात येईल. हे काम पावसाळ्यात किंवा थंडीत करता येत नाही. या काळात होल १० ते १८ दोन वेळा खेळता येतील. पहिल्या नऊ होलांचा खेळ ३१ मे रोजी सुरू करण्याचा आमचा प्रयत्न आहे. गवत किती भरले ते पाहून २४ मे रोजी ही तारीख कायम आहे की बदलली, ते कळवू. पहिले काही दिवस चेंडू ग्रीनवर उड्या मारेल आणि ग्रीन्स संथ वाटतील. मे महिन्याची मासिक मेडल स्पर्धा १४ जूनला होईल. शंका असल्यास ग्रीन्स समितीच्या संयोजकांना दररोज सायंकाळी पाच ते सहा या वेळेत क्लब कार्यालयात भेटता येईल.’

यातील महत्त्वाची तारीख ३१ मे नव्हे, २४ मे आहे. गवत कधी भरेल हे कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण आपण पुन्हा कधी बोलू हे मात्र निश्चित सांगता येते. त्या दिवशी काही नवे सांगण्यासारखे नसले तरी बोलावे. लोक उशीर सहन करतात. मध्यंतरीच्या शांततेत मात्र एकत्र खेळणाऱ्या प्रत्येक चौकडीत एक कृषितज्ज्ञ जन्माला येतो.

अशी सूचना काम सुरू होण्यापूर्वी सहा आठवडे एकदा, दोन आठवडे आधी दुसऱ्यांदा आणि आदल्या दिवशी तिसऱ्यांदा द्यावी, तिन्ही वेळा तोच मजकूर ठेवून. मजकूर दर वेळी नव्याने लिहिला की तपशील सरकतात आणि मग ‘आधी तर तुम्ही असे म्हणाला होता’ हा वाद सुरू होतो. शिवाय ग्रीनमधून काढलेली मातीची एक कांडी काचेच्या पेल्यात घालून स्टार्टरच्या (खेळाडूंना क्रमाने खेळायला सोडणाऱ्याच्या) टेबलावर ठेवावी. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा तपकिरी, स्पंजासारखा थर सदस्याने बोटाने दाबून पाहिला की पुढची चर्चा आपोआप शहाणपणाची होते.

ग्रीन्सचा वेग फलकावर रोज लिहावा अशी मागणी काही सदस्य नेहमी करतात. वेग मोजायचा तो स्टिंपमीटरने, म्हणजे खाच असलेल्या एका धातूच्या पट्टीवरून चेंडू सोडून तो किती फूट घरंगळतो ते पाहून. माझे मत या मागणीच्या विरुद्ध आहे. आकडा फलकावर आला की शेजारच्या क्लबशी तुलना सुरू होते, समितीवर दबाव येतो, तो दबाव ग्रीनकीपरवर जातो आणि गवत ऐन उन्हाळ्यात गरजेपेक्षा खाली कापले जाते. आकडा ग्रीन्स समितीने नोंदवून ठेवावा, स्पर्धेच्या दिवशी जाहीर करावा, एरवी त्याची चर्चा नको.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्टीकडे येतो. आपल्याकडे सदस्याला मैदानाची बातमी ई-मेलमधून मिळत नाही. ती कॅडीकडून मिळते. पहाटे गाडीतून उतरताना सदस्य पहिला प्रश्न कॅडीला किंवा कॅडी मास्टरला विचारतो आणि त्याच्या तोंडून येईल ती क्लबची अधिकृत भूमिका समजतो. कॅडी जर म्हणाला, ‘माहीत नाही साहेब, ऑफिसवाले काही सांगत नाहीत’, तर आपले सर्व ई-मेल वाया गेले. म्हणून कोणतीही सूचना सदस्यांकडे जाण्याआधी ती सुपरिंटेंडंट, कॅडी मास्टर, स्टार्टर आणि स्वागतकक्ष यांच्याकडे गेलीच पाहिजे आणि ती मराठीत गेली पाहिजे. आपल्या क्लबांच्या सूचना अजून इंग्रजीत निघतात. माळी आणि कॅडी ती वाचत बसत नाहीत, कोणीतरी वाचून सांगेल त्यावर विसंबतात. कॅडींच्या शेडमध्ये एक काळा फळा लावावा आणि त्यावर रोज पहाटे पाच वाजता माळ्यांच्या मुकादमाने खडूने चार ओळी लिहाव्यात : ‘४ नंबर – तात्पुरते ग्रीन. ११ नंबर – उजव्या बंकरमध्ये पाणी. गाडी फक्त रस्त्यावरून. पिन मागे.’ एवढे पुरते (बंकर म्हणजे वाळूचा खड्डा, पिन म्हणजे भोकातला झेंडा). कॅडी ते पहिल्या टीवर, म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागी, जसेच्या तसे सांगतात. मैदान बंद राहणार असेल तर त्या दिवसाच्या कॅडींच्या रोजीचे काय, हेही त्याच फळ्यावर असावे. रोजी बुडालेला माणूस क्लबची बाजू मांडणार नाही आणि त्याने ती मांडावी अशी अपेक्षाही करू नये.

पावसाळ्यात ही पद्धत आणखी काटेकोर लागते. जून ते सप्टेंबर रोज निर्णय करावा लागतो आणि तो कोणी करायचा हे लेखी ठरलेले असावे. मी तो अधिकार सुपरिंटेंडंटला देतो, कॅप्टनला (खेळाची बाजू पाहणाऱ्या पदाधिकाऱ्याला) नाही. कॅप्टनला स्वतःला खेळायचे असते आणि त्याचे मित्र टीवर उभे असतात. सुपरिंटेंडंटने पहाटे मैदान फिरून चारांपैकी एक स्थिती जाहीर करावी : पूर्ण चालू, चालू पण गोल्फच्या गाड्या बंद, ठरावीक होल चालू, पूर्ण बंद. एकदा जाहीर झालेली स्थिती सकाळी नऊपर्यंत कोणाच्याही फोनवरून बदलू नये. वर्षातून एक-दोन वेळा असे होईल की सहाला बंद केलेले मैदान आठला ऊन पडून कोरडे दिसेल आणि सदस्य चिडतील. चिडू द्यावे, कारण सव्वासातला कोणाच्या तरी शब्दाखातर मैदान उघडले तर घरी परत गेलेले सदस्य त्याहून अधिक आणि अधिक काळ चिडतात.

पावसाळ्यातील स्थानिक नियमांबाबतही असेच. फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चेंडू उचलून, पुसून ठेवण्याची सवलत देताना ‘प्रिफर्ड लाय लागू’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. चेंडू मूळ जागेपासून किती अंतरात ठेवायचा, एका क्लबच्या (खेळायच्या काठीच्या) लांबीएवढे की स्कोअरकार्डाएवढे, ही सवलत फक्त फेअरवेच्या उंचीच्या गवतावर आहे की रफमध्येही (बाजूच्या उंच गवतातही), आणि ती कोणत्या तारखेला संपते, हे समितीने स्पष्ट करायचे असते. तारीख न टाकल्यामुळे दिवाळीपर्यंत चेंडू उचलत राहणारे क्लब मी पाहिले आहेत. नियमांच्या बाबतीत सदस्यांची स्मरणशक्ती तशीही जुन्या गोष्टी घट्ट धरून असते : २०१९ साली नियमांची संख्या ३४ वरून २४ झाली, चेंडू शोधण्याची मुदत पाच मिनिटांवरून तीन मिनिटांवर आली आणि सवलत घेताना चेंडू खांद्याऐवजी गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा ठरला, पण खांद्यावरून चेंडू सोडणारे ज्येष्ठ सदस्य आजही दर रविवारी दिसतात. त्यांना पत्रक देऊन उपयोग नाही. स्टार्टरने पहिल्या टीवर हसत सांगावे.

हँडिकॅपवरून (खेळाडूच्या कुवतीप्रमाणे मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीवरून) होणारी कुजबुज हा माहितीच्या अभावाचा दुसरा मोठा झरा आहे. २०२० पासून आलेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्यांची सरासरी धरतात, हे बहुतेकांना ऐकून माहीत असते; पण इंडेक्स (त्या सरासरीतून येणारा, सर्व मैदानांना लागू आकडा) आणि त्या मैदानावरचा कोर्स हँडिकॅप यांत फरक का, हे सांगणारा कोणी नसतो. एखाद्याचा इंडेक्स १८.० आहे, टीचे स्लोप रेटिंग (सामान्य खेळाडूला मैदान तुलनेने किती अवघड) १२६, कोर्स रेटिंग (पारंगत खेळाडूकडून अपेक्षित फटके) ७१.० आणि पार (मैदानाचे ठरलेले फटके) ७२ आहे असे समजा. १८ ला १२६ ने गुणून ११३ ने (प्रमाण स्लोपने) भागले की साधारण २०.१ येतात, त्यात ७१ उणे ७२ म्हणजे उणे एक मिळवले की १९.१, म्हणजे त्याला १९ फटके मिळतात. हे एकच उदाहरण आपल्या क्लबच्या खऱ्या आकड्यांनी सोडवून, प्रत्येक टीसाठी तयार तक्ता करून पहिल्या टीजवळ लावला तर कार्यालयात येणारे निम्मे प्रश्न थांबतात.

दुसरी गोष्ट कार्ड जमा करण्याची. खेळाच्या दिवशीच कार्ड नोंदवावे असा या पद्धतीचा आग्रह आहे, आणि त्यामागचे कारण सदस्यांना सांगितले जात नाही. त्या दिवशी वारा, पाऊस यांमुळे मैदान नेहमीपेक्षा अवघड होते का, याचा हिशोब रात्री आपोआप होतो आणि त्यासाठी किमान आठ पात्र कार्डे लागतात. पावसात भिजत ३६ गुणांऐवजी जेमतेम २८ स्टेबलफोर्ड गुण (प्रत्येक होलला फटक्यांवरून मिळणारे) मिळवलेल्या सदस्यांनी कार्डे खिशात ठेवली, तर त्या दिवसाच्या अवघडपणाचा लाभ कोणालाच मिळत नाही. असे सांगितल्यावर लोक कार्ड देतात. ‘कार्ड न दिल्यास कारवाई होईल’ असे सांगितल्यावर देत नाहीत. अमुक सदस्याचा हँडिकॅप मुद्दाम वाढवलेला आहे, ही बारमधली चर्चा थांबवायची असेल तर एकमेकांच्या नोंदी पाहण्याची आणि शंका घेण्याची सोय या पद्धतीतच आहे हे सदस्यांना दाखवून द्यावे, लेखी शंका हँडिकॅप समितीकडे घ्यावी आणि शंका घेणाऱ्याला उत्तर द्यावे. निकाल फलकावर लावू नये.

व्हॉट्सॲपबद्दल माझे मत कडक आहे. क्लबचा अधिकृत गट असा असावा की त्यात फक्त कार्यालय लिहू शकेल. चर्चेचे गट सदस्यांचे असतात, ते असणारच. कार्यकारिणीच्या सभासदांनी त्यांत राहायला हरकत नाही, पण क्लबच्या कारभारावर तिथे एक अक्षरही लिहू नये. रात्री साडेअकराला कोणा कार्यकारिणी सदस्याने सद्भावनेने दिलेले ‘बहुतेक शुक्रवारी उघडेल’ हे उत्तर सकाळपर्यंत ठराव बनलेले असते. अधिकृत गटावर मैदानाची स्थिती रोज एकदा आणि बाकी सर्व गोष्टी गुरुवारी संध्याकाळी एकाच संदेशात, एवढेच जावे. वाढदिवसाच्या शुभेच्छा, रेस्टॉरंटमधील खास थाळी आणि पुरस्कर्त्यांच्या जाहिराती यांसाठी दुसरा गट काढावा. ज्यांना हवे ते त्यात येतील. दिवसाला पाच संदेश येऊ लागले की सदस्य गटाचा आवाज बंद करतो आणि मग नऊ होल बंद असल्याची सूचनाही त्या गप्प केलेल्या गटातच पडून राहते. आपल्याकडे मेमध्ये असेच झाले असावे असा माझा कयास आहे. सदस्यांचे दूरध्वनी क्रमांक गटात सर्वांना दिसू देण्यापूर्वी त्यांची लेखी संमती घ्यावी; वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यानंतर तर याबाबत ढिलाई परवडणारी नाही.

आता मालक म्हणून सदस्याला लागणारी माहिती. भारतात पहिला गोल्फ क्लब १८२९ साली कोलकात्यात सुरू झाला आणि कॅप्टन, मानद सचिव, दरवर्षी निवडून येणारी समिती हा ब्रिटिश साचा आपण आजवर चालवत आलो आहोत. या साच्याचे दुखणे असे की निर्णयाची आठवण माणसांबरोबर निघून जाते. यावर उपाय म्हणून ठरावांची एक सलग नोंदवही असावी : तारीख, ठराव, कारण, खर्चाचा अंदाज, प्रत्यक्ष खर्च, कळवल्याची तारीख. सिंचनाची वाहिनी बदलण्याचा निर्णय तीन समित्यांपूर्वी का पुढे ढकलला, याचे उत्तर या वहीत मिळाले पाहिजे.

सर्वसाधारण सभेची नोटीस कायद्याने वेळेत जाते की नाही हे आधी तपासा. आपला क्लब कंपनी कायद्याच्या कलम ८ खाली (ना-नफा कंपनी म्हणून) नोंदलेला असेल तर २०१५ च्या अधिसूचनेने सभेच्या नोटिशीची मुदत २१ ऐवजी १४ दिवसांवर आली आहे. परंतु क्लबच्या नियमावलीत २१ दिवस लिहिले असतील तर तेच पाळावेत. हे दिवस पूर्ण मोजायचे असतात, म्हणजे नोटीस पोहोचल्याचा आणि सभेचा असे दोन्ही दिवस वगळून. टपालाने पाठवलेली नोटीस तर ४८ तासांनी पोहोचली असे धरतात. काठावर मोजणी करणाऱ्या क्लबाची सभा एखादा वकील सदस्य पहिल्याच मुद्द्यावर अडवतो, आणि गोल्फ क्लबात वकिलांची टंचाई कधीच नसते. क्लब संस्था आणि सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेला असेल तर निवडणुकीनंतर ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्ज (नव्या पदाधिकाऱ्यांची नोंद करून घेण्याचा) दाखल करावा लागतो. तो दाखल केल्याची तारीख सदस्यांना आपणहून कळवावी.

ताळेबंद पाठवला म्हणजे हिशोब दिला असे होत नाही. सदस्य ताळेबंदात तीन गोष्टी शोधतो आणि त्याला त्या सापडत नाहीत : नव्या सदस्यांचे प्रवेश शुल्क रोजच्या खर्चाला वापरले का, वर्गणीतून मैदानाचा खर्च भागतो का, आणि बार व रेस्टॉरंट नफ्यात आहे की मैदानाच्या पैशावर चालते. सभेच्या नोटिशीबरोबर एक पानी टिपण जोडून या तिन्हींची सरळ उत्तरे द्यावीत. प्रवेश शुल्क ही पुन्हा न येणारी रक्कम आहे. तिच्यातून माळ्यांचे पगार दिले जात असतील तर ते लपवू नये, कारण प्रतीक्षा यादी आटली की ही गोष्ट आपोआप उघडी पडते आणि तेव्हा वर्गणी एकदम वाढवावी लागते. वर्गणीवाढीचा प्रस्ताव त्या सभेत पहिल्यांदा मांडू नये. आदल्या तिमाहीतच वीज, पाणी, खत, वाळू आणि वेतन यांचे दोन वर्षांचे आकडे सदस्यांसमोर ठेवावेत.

‘आपल्याच क्लबला आपणच दिलेल्या वर्गणीवर जीएसटी कशाला?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचे उत्तर तयार ठेवा. क्लब आणि त्याचे सदस्य वेगळे नसल्यामुळे जुना विक्रीकर व सेवाकर लागत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने कलकत्ता क्लबच्या प्रकरणात २०१९ साली दिला. त्यानंतर २०२१ च्या वित्त अधिनियमाने जीएसटी कायद्यात दुरुस्ती करून क्लब आणि सदस्य यांना करापुरते वेगळे मानले आणि ही तरतूद १ जुलै २०१७ पासून लागू केली. तिला न्यायालयांत आव्हान दिले गेले आहे. त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत क्लबने काय करायचे हे लेखापरीक्षकांच्या लेखी सल्ल्याने ठरवावे आणि तो सल्ला सदस्यांना वाचायला ठेवावा.

थकबाकीदारांची नावे फलकावर लावण्याची प्रथा बहुतेक क्लबांच्या नियमावलीत आहे. ती वापरावी लागलीच तर आधी रजिस्टर पत्र, मग मुदत, मग लेखापालाने खातेवही पुन्हा तपासल्याची सही, आणि त्यानंतरच नाव.

काय सांगू नये हेही ठरलेले असावे. शिस्तभंगाची चालू प्रकरणे, कर्मचाऱ्यांच्या वैयक्तिक बाबी, न उघडलेल्या निविदा आणि जमिनीच्या भाडेपट्ट्याविषयी सुरू असलेल्या वाटाघाटी यांबद्दल समिती बोलणार नाही, असे एकदा लेखी जाहीर करावे. भाडेपट्टा हा आपल्याकडील अनेक क्लबांचा नाजूक विषय आहे, कारण जमीन क्वचितच क्लबची स्वतःची असते. त्याबाबत मौन पाळतानाही मुदत कधी संपते आणि चर्चा चालू आहे की नाही, एवढे सांगण्यास कोणतीच अडचण नसते.

सदस्यांकडून समितीकडे येणाऱ्या वाटेसाठी मी अजूनही जुनी सूचना वही सुचवतो : जाड पुठ्ठ्याची, क्लब हाऊसमध्ये चहाच्या टेबलाजवळ ठेवलेली, डाव्या पानावर सदस्याची सूचना आणि उजव्या पानावर सचिवाचे सही-तारखेसह उत्तर. उत्तर सात दिवसांत आले पाहिजे, मग ते ‘होणार नाही, कारण…’ असे असले तरी चालेल. तक्रार ई-मेलने केली की तिचे उत्तर एकालाच मिळते. वहीत दिलेले उत्तर नाश्त्याची वाट पाहणारे सगळे वाचतात. चौदाव्या होलजवळचे पिण्याचे पाणी गरम असते, अशी तक्रार डाव्या पानावर आणि ‘माठ बदलला, सावलीत ठेवला, १२ एप्रिल’ हे उजव्या पानावर वाचले की समितीबद्दल जे मत बनते, ते वार्तापत्रातील अध्यक्षांच्या मनोगताने बनत नाही.

त्या मनोगतासह मासिक वार्तापत्र बंद करून ते त्रैमासिक करावे, असाही माझा सल्ला आहे. बक्षीस समारंभाची छायाचित्रे लोकांना आवडतात, ती जरूर द्यावीत. पण त्यात कोणतीही सूचना छापू नये, कारण छापून येईपर्यंत ती शिळी होते.

ॲप इतक्यात घेऊ नये. टीची वेळ राखणे आणि बिल भरणे यांसाठी ते सोयीचे असते हे खरे, पण विक्रेता दाखवतो त्या पडद्यावर मैदानाची स्थिती भरायला पहाटे पाचला कोणीतरी माणूस लागतोच. तो माणूस, ते चार पर्याय आणि तो गुरुवारचा संदेश एक पावसाळा आणि एक हिवाळा न चुकता चालवून पाहावा. त्यानंतर निविदा मागवताना तीन अटी घालाव्यात : सदस्यांची माहिती क्लबच्या मालकीची राहील, करार संपल्यावर ती वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, आणि स्मार्टफोन न वापरणाऱ्या सदस्यासाठी स्टार्टरकडे फोनवरून वेळ राखण्याची सोय चालू राहील. तिसरी अट विक्रेत्याला आवडणार नाही. आपल्या क्लबात सत्तरीपुढचे सदस्य किती आहेत ते नोंदवहीत मोजून तो आकडा त्याला दाखवावा.